कारागीर स्वस्त, सुटा भाग दुर्मीळ

गाणी ऐकण्याचे हातात मावणारे एखादे यंत्र बंद पडले, तर ते दुरुस्त करून घ्यावे की मोडीत काढून नवे आणावे, हा प्रश्न वृत्तपत्राच्या या पानावर चर्चिला जावा इतका महत्त्वाचा आहे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अंदाजपत्रक, पतधोरण, शेतमालाचे भाव या विषयांपुढे चारसहा हजार रुपयांच्या करमणुकीच्या साधनाची मातब्बरी ती काय? तथापि कोणत्याही मध्यमवर्गीय घरातील कपाटाचा खालचा खण उघडून पाहावा. पट्टा सैल झालेला वॉकमन, बॅटरी संपलेला आयपॉड, कोणा नातेवाइकाने परदेशातून आणलेला आणि आता संगणकाला जोडूनही जागा न होणारा एमपीथ्री प्लेअर, असा ऐवज तेथे हमखास सापडतो. या वस्तू कोणी दुरुस्त केल्या नाहीत आणि टाकूनही दिल्या नाहीत. ग्राहकाला निर्णय घेता आला नाही, याचा तो खण हा पुरावा आहे. आणि जेथे असंख्य कुटुंबांना एकाच प्रकारचा निर्णय घेता येत नाही, तेथे दोष त्या कुटुंबांच्या व्यवहारज्ञानात नसून अन्यत्र असला पाहिजे, असे मानण्यास जागा आहे.

निम्म्या किमतीचा ठोकताळा

या बाबतीत एक ठोकताळा सर्वत्र ऐकू येतो. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक येत असेल तर नवी घ्यावी, कमी असेल तर जुनीच नीट करून घ्यावी. हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे, एवढाच त्याचा गुण. वास्तविक तुलना करावयाची ती दोन किमतींची नव्हे, तर त्या किमतींत पुढे किती वर्षांची सेवा मिळणार आहे याची. हिशोबापुरते काही आकडे गृहीत धरू. नवे यंत्र सहा हजारांस मिळते आणि चार वर्षे चालते. म्हणजे वर्षाला दीड हजार रुपये पडले. जुन्याच्या दुरुस्तीला साडेतीन हजार लागतात, परंतु नंतर ते तीन वर्षे चालते. म्हणजे वर्षाला साधारण पावणेबाराशे. ठोकताळा येथे ‘टाकून द्या’ असे सांगतो, हिशोब मात्र ‘दुरुस्त करा’ असे सांगतो. उलट दुरुस्ती अवघ्या बाराशेत होत असली आणि यंत्र सहा महिन्यांत पुन्हा मान टाकणार असले, तर वर्षाचा दर चोवीसशेवर गेला. ठोकताळ्याच्या दृष्टीने ही दुरुस्ती फायद्याची; प्रत्यक्षात ती नव्या यंत्राहून महाग.

मूळ किंमत या हिशोबात कोठेच येत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. ‘दहा हजार मोजून घेतला होता, तो असा कसा टाकू?’ हे उद्गार मनुष्यस्वभावाला धरून आहेत. पण ते दहा हजार दुरुस्ती केली तरी परत येत नाहीत आणि न केली तरी परत येत नाहीत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे तत्त्व शिकवताना वर्गात माना डोलतात. घरी गेल्यावर त्यांचे आईवडील, आणि शिकवणारा अध्यापकही, बहुधा याच्या उलट वागतात.

खरी अडचण आहे ती ‘पुढे किती चालेल’ या शब्दांत. यंत्राच्या पोटात काय बिघडले आहे हे दुरुस्ती करणाऱ्याला कळते, ग्राहकाला कळत नाही. वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दाखवून दिले की, विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर चांगला मालही संशयाच्या भावानेच विकला जातो आणि हळूहळू बाजारातून नाहीसा होतो. दुरुस्तीच्या धंद्याचे नेमके हेच झाले आहे. एक तार निखळली असताना सबंध बोर्ड बदलल्याचे बिल लावणारा कारागीर असतो, तसा तार जोडून चहाचे पैसेही न घेणाराही असतो. पण काउंटरच्या अलीकडून दोघे सारखेच दिसतात. म्हणून ग्राहक दुरुस्तीचा खर्च मनातल्या मनात वाढवून धरतो. एके काळी काढलेला भाग परत मागून घेण्याची आणि पावतीवर तीन महिन्यांची हमी लिहून घेण्याची रीत होती. ती अडाणी संशयातून आलेली नव्हती. या अज्ञानावर शोधलेला तो अगदी व्यवहारी उपाय होता, आणि तो आजही चालण्यासारखा आहे.

सेलपासून सीलबंद बॅटरीपर्यंत

येथवरचा विचार हा एका कुटुंबाचा विचार झाला. नव्याचा भाव आणि दुरुस्तीचा भाव हे दोन्ही निसर्गाने दिलेले आकडे आहेत, असे गृहीत धरून तो केला. परंतु हे आकडे कोणीतरी ठरवीत असतो, आणि येथून विषयाला वेगळे वळण लागते.

सोनी कंपनीने जपानमध्ये १ जुलै १९७९ रोजी पहिला वॉकमन विक्रीला आणला. तो दोन साध्या पेन्सिल सेलवर चालत असे. सेल संपले तर किराणा दुकानात नवे मिळत. यंत्र बिघडले तर बिघाडाची ठिकाणेही ठरलेली असत. रबरी पट्टा ताणला जाई, हेडवर फितीची भुकटी साचे, मोटर मंद होई. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात कॅसेटचा महापूर आला, तेव्हा तालुक्याच्या गावीदेखील रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे एखादे दुकान उभे राहिले. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता आणि पुण्याची तापकीर गल्ली येथून पट्टे, हेड आणि मोटरी गावोगाव जात. कंपनी कोणतीही असो, तिच्या जोडीचा पट्टा डब्यातून शोधून बसवणे हे त्या दुकानदाराचे कसब होते. त्याला कोणत्याही कंपनीचे अधिकृत पत्र लागत नसे.

ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपल कंपनीचा आयपॉड आला. हजार गाणी खिशात, हे त्याचे अप्रूप होते आणि ते खोटे नव्हते. पण त्याच्या चकचकीत पाठीवर एकही स्क्रू नव्हता. आत लिथियम-आयन बॅटरी बंद केलेली होती. अशी बॅटरी काही शे वेळा भरली आणि रिकामी झाली की तिची धारणशक्ती उतरत जाते. हे रसायनशास्त्र आहे, त्यात कोणाचा कट नाही. मात्र ती बॅटरी ग्राहकाला काढता येऊ नये अशा रीतीने बसवणे, हा रसायनशास्त्राचा नव्हे तर कारखानदाराचा निर्णय होता. वॉकमनमध्ये अल्पायुषी भाग यंत्राच्या बाहेर होता. येथे सबंध यंत्राचे आयुष्य त्यातील सर्वांत अल्पायुषी भागाला बांधले गेले. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या नाइस्टाट बंधूंनी यावर एक लहानसा चित्रपट काढला. बॅटरी बदलण्याविषयी कंपनीकडे चौकशी केली असता, त्यापेक्षा नवा आयपॉड घेणे बरे असा सल्ला मिळाल्याचे त्यात ऐकू येते. त्याच वर्षाच्या अखेरीस ९९ डॉलरमध्ये बॅटरी बदलून देण्याची योजना कंपनीने सुरू केली, आणि २००५ मध्ये बॅटरीसंबंधीच्या ग्राहकांच्या सामुदायिक दाव्यात तिला समझोता करावा लागला. पुढे मे २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादनच थांबवल्याची घोषणा झाली. आता ज्यांच्याजवळ तो आहे त्यांच्यापुढे ‘तसाच नवा घ्यावा’ हा पर्यायही उरलेला नाही. पर्याय आहे तो मोबाइलचा, म्हणजे वेगळ्या वस्तूचा.

टिकाऊ माल विकणाऱ्या कारखानदारापुढे एक विचित्र पेच असतो. काल विकलेला त्याचाच माल आज त्याच्या नव्या मालाशी स्पर्धा करतो. रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये या पेचाचे विश्लेषण केले, तेव्हा माल कमी टिकाऊ बनवणे हा त्यातून सुटण्याचा एक मार्ग असल्याचे त्यांनी नोंदवले होते. सुटे भाग न विकणे, जोडणीचे आराखडे गुप्त ठेवणे, झाकण डिंकाने चिकटवणे ही त्याच मार्गावरील पुढली पावले होत. माल कमी टिकाऊ बनवला तर निदान ग्राहकाला तो हलका वाटतो. दुरुस्तीची वाट बंद केली, तर मात्र वस्तू दिसायला भक्कमच राहते.

युरोपचे दुखणे आणि आपले

दुरुस्ती महाग होण्यामागे सर्वस्वी कारखानदारच आहेत असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये प्रयोगक्षम कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यातील विचार थोडक्यात असा : कारखान्यात एका कामगाराचे उत्पादन वर्षागणिक वाढते, पण चौघांनी वाजवण्याची संगीतरचना सादर करावयास शंभर वर्षांपूर्वी चार वादक लागत आणि आजही चारच लागतात. समाजातील वेतनमान वाढले की वादकांचे मानधनही वाढवावे लागते, आणि मैफल महाग होत जाते. दुरुस्तीचे काम या मैफलीसारखेच आहे. यंत्र बनवणारी मालिका तासाला शेकडो नग बाहेर टाकते. बिघडलेला नग मात्र एकाच माणसाला समोर घेऊन, भिंग लावून, त्याचे दुखणे शोधत बसावे लागते. अमेरिकेत वा जर्मनीत त्या माणसाच्या तासाभराचे मोल नव्या यंत्राच्या आसपास जाते. तेथे दुरुस्ती मागे पडली, त्याचे मोठे कारण हे आहे.

आपल्याकडील परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे, आणि तिकडील चर्चा जशीच्या तशी उचलणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही. येथे सोल्डरिंग करणारा हात अद्याप स्वस्त आहे. खरे सांगायचे तर नको इतका स्वस्त आहे. येथे दुरुस्ती अडते ती मजुरीपाशी नव्हे, तर मालापाशी.

आमच्या घरातील एक उदाहरण यासाठी सांगण्यासारखे आहे. आमच्या मातोश्रींकडे जुनी गाणी आधीच भरून दिलेले, लहान रेडिओच्या आकाराचे एक यंत्र होते. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना त्याची गोडी लागली, कारण ते चालवण्यास डोळे लागत नसत. खटका फिरवला की गायक बदले. कितव्या खटक्याला कोण येते हे बोटांना पाठ झाले होते. प्रथम त्याची चार्जिंगची सॉकेट सैल झाली. कंपनीच्या अधिकृत केंद्रात सांगण्यात आले की हे मॉडेल बंद झाले आहे. जुने जमा केल्यास नव्यावर सवलत मिळेल. आमच्या पेठेतील दुरुस्तीवाल्याने ते उघडले. सॉकेट मोबाइलला असते तशीच, सर्वत्र मिळणारी होती. अर्ध्या तासात, साध्या मजुरीत काम झाले, आणि त्यावर यंत्र दोन पावसाळे चालले. त्यानंतर बिघडला तो गायक बदलण्याचा खटका. त्याचे छोटे बोर्ड केवळ त्या कंपनीचे, बाजारात न मिळणारे. त्याच दुरुस्तीवाल्याने यंत्र परत दिले आणि म्हणाला, “काकू, हात आहेत, माल नाही.”

या वाक्यात आपल्या देशातील दुरुस्तीच्या प्रश्नाचे निदान आले आहे. तोच माणूस, तेच यंत्र, तीच मजुरी. जेथे भाग सर्वसामान्य होता तेथे दुरुस्ती सहज परवडली; जेथे भागावर एकाच कंपनीची मालकी होती तेथे ती कोणत्याही किमतीत होईना. नव्या यंत्राच्या किमतीशी तुलना करण्याचा प्रसंगच आला नाही. शिवाय त्या नव्या किमतीत सर्व काही येतेच असे नाही. मोबाइलवर हीच गाणी फुकट ऐकता येतात, असे घरातील तरुण मंडळींनी समजावून पाहिले. काचेच्या पडद्यावर बोट कोठे ठेवावे हे ज्याला दिसत नाही, त्याच्या दृष्टीने ते फुकट नसते.

कोणती वस्तू खुशाल बदलावी याविषयीही स्पष्ट असावे. जुना रेफ्रिजरेटर विजेच्या बिलातून आपली किंमत दर महिन्याला वसूल करीत असेल, तर त्याच्या दुरुस्तीचा हट्ट व्यर्थ आहे. संगीतयंत्राला हा युक्तिवाद लागू नाही, कारण ते वीज खाते ती नगण्य. मात्र ज्या यंत्राची लिथियम बॅटरी फुगली आहे ते घरी उघडण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. तिला टोक लागले तर ती पेट घेते. आणि ज्याचे बोर्ड पाण्यात भिजून गंजले आहे, त्याची दुरुस्ती कोणताही प्रामाणिक कारागीर हमीवर करून देणार नाही. अशा वेळी निरोप घ्यावा हे उत्तम.

कायद्याची उणीव नेमकी कोठे

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा तयार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक संकेतस्थळ सुरू केले. उत्पादकांनी दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती तेथे द्यावी अशी अपेक्षा होती; सक्ती नव्हती. पुढे मे २०२५ मध्ये दुरुस्तीक्षमतेचा निर्देशांक ठरवण्याविषयीचा अहवाल सरकारला सादर झाला. वस्तू उघडण्यास किती सोपी, भाग किती लवकर मिळतात, माहिती उपलब्ध आहे की नाही, अशा कसोट्यांवर वस्तूला गुण द्यावेत आणि ते वेष्टनावर छापावेत, ही कल्पना चांगली आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून असा निर्देशांक काही वस्तूंना लागू केला. परंतु आपल्याकडील प्रस्तावात गुण देणार तो स्वतः उत्पादक, आणि पहिला विचार झाला तो मोबाइल व टॅबलेट यांचा. वर वर्णन केलेल्या यंत्रांसारखी किरकोळ साधने या जाळ्याच्या छिद्रांतून सुटतात.

प्रस्तुत लेखकाचा निर्देशांकाला विरोध नाही. वस्तू घेताना तो उपयोगी पडेल. वस्तू बिघडल्यावर मात्र वेष्टनावरील गुणांनी खटका दुरुस्त होत नाही. त्या वेळी भाग लागतो, आणि तो केवळ अधिकृत केंद्राला नव्हे, तर पेठेतल्या दुकानदाराला मिळावा लागतो. हे तत्त्व आपल्या कायद्याला नवे नाही. मोटारींचे सुटे भाग व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना नाकारल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकत्रित सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले; तरी बाजारातील वर्चस्वाचा असा वापर गैर आहे, ही भूमिका आयोगाने तेव्हा स्पष्ट शब्दांत घेतली होती. मोटारीच्या दिव्याला जो न्याय, तो चारसहा हजारांच्या यंत्राच्या खटक्याला का नसावा? उत्तर एवढेच की मोटारीचा मालक तक्रार करतो, आणि यंत्राचा मालक ते कपाटाच्या खणात टाकतो.

कराची गोष्टही येथेच निघते. दुरुस्तीच्या सेवेवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेला लहान दुकानदार नोंदणीतून सुटतो; पण तो जे भाग पक्क्या पावतीने घेतो त्यांवरील कर त्याला परत मिळत नाही. त्यामुळे पावतीचा माल घेणाऱ्याला तोटा आणि पावतीविना घेणाऱ्याला फायदा, असा उफराटा प्रकार झाला आहे. ज्या धंद्यात ग्राहकाचा विश्वास हेच भांडवल, त्याला आपण पावतीपासून दूर लोटतो.

उत्पादकांचा आक्षेप ठरलेला आहे. भाग साठवून ठेवण्याची सक्ती केली तर यंत्र महाग होईल. होईल, थोडेसे नक्कीच होईल. परंतु आज जे स्वस्त दिसते त्याचा उरलेला खर्च कचरा वेचणारे आणि भंगारात तारा जाळून तांबे काढणारे सोसतात, तो वेष्टनावरील किमतीत दिसत नाही इतकेच. सर्व भागांची सक्ती करण्याचेही कारण नाही. झिजतात ते भाग ठरलेले आहेत : बॅटरी, चार्जिंगची सॉकेट, खटके. विक्री थांबल्यानंतर निदान पाच वर्षे हे भाग जाहीर किमतीला, मागेल त्याला मिळावेत आणि जोडणीचा आराखडा खुला असावा, इतकी अट पुरेशी आहे. बॅटरीपुरती याहून कडक तरतूद युरोपीय संघाने २०२३ च्या नियमावलीत केलीच आहे : १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता व बदलता आली पाहिजे, असे ती म्हणते. युरोपसाठी बनवलेली यंत्रे तशी असतील, तर तीच येथे डिंकाने चिकटवून विकण्याचे कारण कंपन्यांना सांगावे लागेल.

नाव-गाव नसलेल्या आयात मालाचे काय, हा प्रश्न अधिक कठीण वाटतो, पण त्याचेही यंत्रसामर्थ्य सरकारजवळ आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार आयातदारालाही उत्पादक मानले जाते आणि त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ध्वनिसाधने त्या नियमांच्या परिशिष्टात येतात. म्हणजे वस्तू मेल्यावर तिची जबाबदारी कोणाची, हे आपण लिहून घेतो. त्याच नोंदणीच्या अर्जाला झिजणाऱ्या भागांची यादी, त्यांच्या किमती आणि ते मिळण्याचे ठिकाण जोडण्याची अट घालता येईल. दुरुस्तीचा विषय ग्राहक व्यवहार विभागाकडे आणि कचऱ्याचा पर्यावरण मंत्रालयाकडे, त्यामुळे या दोन कार्यालयांना एका टेबलाशी बसावे लागेल. कपाटाच्या खणातील यंत्रे तोवर तेथेच राहतील. त्यांच्या फुगत चाललेल्या बॅटऱ्या मात्र घरातल्या कोणीतरी अधूनमधून पाहत जावे.